कातडं ऐकू येतं का?

बिबवेवाडीच्या आमच्या गल्लीत कुणी नवा टेपरेकॉर्डर आणला, की पेढे वाटायच्या आधी माझ्या वडिलांना बोलावणं यायचं. ते शाहिरी गाण्यांची स्वतःची कॅसेट घेऊन जात, डोळे मिटून ऐकत. डफावर थाप पडली की नुसता धप्प आवाज येतो, की ताणलेल्या चामड्याची चरचरही येते, एवढंच ते बघत. "कातडं ऐकू आलं पाहिजे," हा त्यांचा कायदा. नाही आलं, तर "खोका छान आहे" म्हणून चहा पिऊन उठत. लोक रागवायचे नाहीत, दुकानात जाऊन मशीन बदलून आणायचे. विहारात जयंतीच्या सभेला स्पीकर कसे लावायचे, तेही वडीलच ठरवत. जन्मभर सरकारी कचेरीत कारकुनी केलेल्या माणसाला हा मान मोठा होता, आणि तो त्यांना भारी आवडायचा.

मला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली, तेव्हा मी हौसेनं मोठी म्युझिक सिस्टिम घेतली. त्याच गाण्यांची सीडीही आणली. वडिलांनी ऐकलं आणि निकाल दिला, "शाहीर गोधडीत तोंड घालून गातोय."

मी ट्रेबल, म्हणजे टिपेचा आवाज, वाढवला. "अजून," ते म्हणाले. अजून वाढवला. झांज कानात टोचायला लागली, महापालिकेच्या शाळेत शिकवणारी माझी आई कपाळाला आठ्या घालून बसली, आणि वडील खूश. "आता कुठे आलं कातडं!" कौतुकानं ऐकायला आलेल्या शेजाऱ्यांना दोन गाण्यांतच घरची कामं आठवली. मी चिडलो. एवढी चांगली वस्तू, आणि हे निव्वळ हट्टापायी तिची वाट लावतायत, असं मला वाटत होतं.

मग एका रविवारी सकाळी, गाणं संपलं आणि माझ्या मनगटी घड्याळाचा गजर वाजायला लागला. बारीक, पीप-पीप करणारा. घड्याळ कुठेतरी गादीखाली सरकलं होतं, मी आणि आई शोधायला लागलो.

"काय हरवलंय?" वडिलांनी विचारलं.

"पप्पा, गजर वाजतोय ना!"

"कुठे?"

आम्ही दोघं त्यांच्याकडे बघत राहिलो. गजर वाजतच होता. काय झालंय ते त्यांनाही कळलं असावं, कारण ते एकदम पेपर शोधायला लागले. मला फार वाईट वाटलं.

सदाशिव पेठेतल्या कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. वयामुळे बारीक, टिपेचे आवाज ऐकू येईनासे झाले होते. परत येताना स्कूटरवर मागे बसलेले वडील एवढंच म्हणाले, "मंडळाच्या पोरांना कळू देऊ नकोस." जयंती तोंडावर आली होती आणि मंडळानं यंदा नवे स्पीकर आणले होते.

चाचणीच्या संध्याकाळी मी आणि आईही विहारात गेलो. पोरं वडिलांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. "काका, पास ना?" वडिलांनी डोळे मिटले. ते खुशाल "वाढवा" म्हणतील आणि सगळ्यांसमोर हसं होईल, याची मला धास्ती होती.

त्यांनी डोळे उघडले. "मला आता बारीक आवाज ऐकू येत नाहीत. हिला विचारा. शेवटच्या बाकावरची कुजबुज पकडण्यात हिची अख्खी नोकरी गेली."

आईनं पदर खोचला, सभागृहात एक फेरी मारली आणि बायकांच्या बाजूला जाऊन सतरंजीवर बसली.

"स्पीकर चांगले आहेत," ती तिथूनच म्हणाली, "पण इकडे शब्द कळत नाहीत. कधीच कळले नाहीत."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"अहो, तुम्ही विचारलंत कुठे?"

पोरं हसली. मलाही हसू येत होतं, पण वडिलांचा चेहरा बघून ते विरलं. ते सावकाश चालत गेले आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्या बाजूला, आईशेजारी सतरंजीवर बसले.

"लावा परत," ते पोरांना म्हणाले. "आणि ही सांगेल तिकडे स्पीकरची तोंडं फिरवा."