सुधाकरची दुरुस्ती

सुधाकर आमच्या घोटावड्याच्या घरात वरची खोली भाड्यानं घ्यायला आला, त्या दिवशी मी विचारलं, "जेवलास का रं?" म्हणाला, "हाव, जेवलो." जिना चढून वर गेला, बॅग टेकवली आणि परत खाली. "मावशी, दुरुस्ती. जेवलो नाही, बिस्किटं खाल्ली." मी भाकरी थापत होते. इतकी हसले की भाकरीला भोक पडलं.

पोरगा वाशीमकडचा, हिंजवडीला कंपनीत. काम काय, तर दुसऱ्यानं बनवलेल्या प्रोग्राममधल्या चुका हुडकायच्या. "खोट काढायचाच पगार मिळते मले," म्हणायचा. पण घरी आला की दुसऱ्या कुणाची नाही, स्वतःच्याच बोलण्यातली खोट काढत बसायचा. नळाला पाणी आलं म्हणून सांगायचा आणि चार पावलं गेला की मागं वळायचा, "दुरुस्ती मावशी. येऊन गेलं." आमचे हे त्याला दुरुस्तीवालाच म्हणत.

व्यसन एकच, सिगरेट. घरात धूर नको असं मी बजावलेलं, म्हणून अंगणात उभा राहून ओढायचा. बायको, शुभांगी, बाळंतपणाला माहेरी गेलेली. तिचे वडील तंबाखूपायी गेले, जबड्याच्या दुखण्यानं. ते हाल तिनं उशाशी बसून पाहिले होते. जाताना तिनं एकच गोष्ट मागितली: तंबाखू सुटल्याशिवाय माझ्या लेकराला घ्यायचं नाही. यानं शब्द दिला. नुसता शब्द देऊन थांबला नाही, खोलीतल्या कडीला पाळण्यासाठी दोरीही बांधून ठेवली.

मुलगी झाली, आणि त्याच सुमारास ऑफिसातल्या कुणीतरी त्याला परदेशातून विजेची सिगरेट आणून दिली. पेनाएवढी, ओढली की टोकाला लाल दिवा. राख नाही, वास नाही, नुसती वाफ. "आता घरात चालंल न मावशी?" मी म्हटलं, "चालतंय की! आमच्या चुलीपरीस बरी हाय." त्यानं लगेच फोन लावला. "शुभांगी, सिगरेट सोडली." पलीकडं ती रडत असावी, कारण हा बराच वेळ नुसता "हाव, हाव" करत राहिला.

दोन दिवस पोरगा हवेत होता. मग त्याच्यातला खोट काढणारा जागा झाला. शनिवार गाठून खाली आला. "मावशी, चिंचोके आहेत का?" चिंच फोडून नुकतीच भरली होती, चिंचोक्यांना काय तोटा! एक दिवस त्यानं जुनी सिगरेट ओढली, दुसऱ्या दिवशी विजेची. प्रत्येक झुरक्याला एक चिंचोका वाटीत. पहिल्या दिवशी वाटी अर्धीमुर्धी भरली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहते तर चिंचोके वाटीबाहेर सांडलेले.

"आरं, वाफच ती," मी म्हटलं. "तिच्यात काय असतंय?"

"निकोटिन असते. एका झुरक्याला धुरापेक्षा कमी येत असंल, म्हणून तर शरीर जास्त झुरके मागते. आपलं माप आपण भरून घेते. सिगरेट विझली की दुसरी पेटवू का नको, असा विचार तरी येते. हिले विझणंच नाही. एकूण कमी गेलं का सारखंच, ते चिंचोक्यांवरून नाही समजत. पण सुटलं नाही, एवढं समजलं."

बारशाला निघाला तेव्हा मी परोपरीनं सांगितलं, "बाबा, काय बोलू नगं. सोडली म्हणलास, ती सोडलीच की. लेकीला मांडीवर घे आन् ये."

"खोटं नाही बोललो मी," तो म्हणाला, "पण तिनं जे ऐकलं ते खरं नाही."

परत आला तो जिन्याच्या पायरीवरच बसला. मुलीचं नाव विचारलं, "ओवी" म्हणाला. बाकीचं तुकड्यातुकड्यानं कळलं. सासूबाई पोरीला याच्याकडं देत होत्या. यानं हात पुढं केले आणि मागं घेतले. बायकोला बाजूला बोलावून म्हणाला, "शुभांगी, दुरुस्ती." तिनं सगळं ऐकून घेतलं. भांडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "खरं सांगितलं ते बरं केलं. सुटंल तेव्हा या." आणि लेकीला घेऊन आत गेली.

नंतर फार झगडला पोरगा. विजेची टाकली, चिडचिडा झाला, पुन्हा सिगरेटवर आला, पुन्हा टाकली. शुभांगी काही आली नाही. शेवटी त्यानंच तिकडं, तिच्या माहेराजवळ, अकोल्याला काम शोधलं आणि खोली सोडली. जाताना ती दोरी स्वतः सोडली, गुंडाळून बॅगेत घातली. मी बघत उभी होते.

खरं बोलणाऱ्याचं भलं होतं म्हणतात. होतही असेल. पण मला अजून वाटतं, त्या दिवशी थोडा कमी खरा निघाला असता तर बरं झालं असतं का?

दिवाळीत त्याचा फोन आला. "सुटली मावशी. सगळंच सुटलं. शुभांगी घरी आली." मला इतका आनंद झाला की ह्यांना हाका मारून बोलावलं. तेवढ्यात मागं पोरीचा आवाज आला, टाहो फोडून रडत होती.

"आरं, तिला भूक लागली असंल," मी म्हटलं. "शुभांगीला हाक मार."

"इथंच आहे शुभांगी," तो हळूच म्हणाला. "भूक नाही मावशी. मी उचलून घेतलं न तिले, म्हणून रडते."