आमच्या गाडीतला संडास

किळस या विषयात मी स्वतःला जाणकार समजते. बत्तीस वर्षं खेड्यापाड्यांतल्या प्राथमिक शाळांवर शिकवलं. कुठे बाईमाणसासाठी संडास नव्हता, कुठे होता तर त्याला कुलूप, आणि कुठे कुलूप नव्हतं कारण दारच नव्हतं. सकाळी निघताना चहा प्यायचा नाही, दुपारी डबा खाल्ल्यावर पाणी दोनच घोट, आणि सहाच्या एसटीने घरी आलं की पर्स खांद्यावर असतानाच आधी मोरी गाठायची. पुढे मुतखडा झाला. डॉक्टर म्हणाले, बाई, यापुढे लघवी तुंबवायची नाही. आता तर ती माझं ऐकतही नाही. आली की आली.

आमचे हे पाटबंधाऱ्यात इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर त्यांना मोबाईलवर गोऱ्या म्हाताऱ्यांचे व्हिडिओ बघायचा नाद लागला. घरासारखी गाडी, तिच्यात नवरा-बायको, झाडांची पिवळी पानं, तळ्याकाठी टेबल मांडून कॉफी. मी भाजी निवडत असले की ते मोबाईल माझ्या नाकासमोर धरत, ‘बघ, सत्तरीचे आहेत दोघं.’ एक दिवस सतरा सीटची जुनी ट्रॅव्हलर दारात येऊन उभी राहिली. मग ती नशिराबादच्या एका मिस्त्रीचाचांकडे पावसाळाभर पडून होती. चाचांनी काम मात्र छान केलं. पलंग, त्याखाली कप्पे, दोन बर्नरची शेगडी, टपावर पाण्याची टाकी.

माझी एकच अट होती. गाडीत संडास पाहिजे, आणि मला लागेल तेव्हा तो मला वापरता आला पाहिजे. बाकी पलंग कुठे, पडदे कुठल्या रंगाचे, त्यात मी पडणार नव्हते. त्यांनी ऐकलं. मागच्या कोपऱ्यात प्लायवुडची बारकी खोली झाली, तिला कडी लागली, आत पांढरा प्लास्टिकचा संडास बसला. त्याच्या पोटात एक डबा. भरला की गाडीच्या बाहेरून झडप उघडून तो ओढून काढायचा, मुठीला धरून न्यायचा आणि रिकामा करायचा. व्हिडिओतला गोरा म्हातारा शिट्टी वाजवत तो घेऊन जातो. तो भाग आला की आमचे हे बोटाने व्हिडिओ पुढे ढकलायचे.

‘हा डबा रिकामा कोण करणार?’ मी विचारलं होतं.

‘बघू गं. कोणीतरी मिळतं.’

त्यांचा सगळा जन्म कोणीतरी मिळण्यात गेला होता. दौऱ्यावर जीप, जीपमध्ये शिपाई, विश्रामगृहावर पोहोचायच्या आत बादली भरलेली आणि टॉवेल दांडीवर. ती बादली कोण भरतं हे विचारायची त्यांच्यावर वेळच आली नाही. घरी ती मी भरत होते, त्यामुळे तिथेही नाही.

दसरा झाल्यावर निघालो. जळगावहून भडगाव, गिरणेच्या काठाने रमतगमत दोन दिवस, मग धुळं, तिथून शिंदखेड्यावरून तापीवर मुडावदला संगम बघायचा आणि अमळनेरवरून घरी. सकाळी हवा बरी असायची, अकरानंतर ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तापायचं. कपाशी फुटली होती. बाया ओट्या भरून वेचत होत्या आणि आमच्या गाडीकडे वळून वळून बघत होत्या. मला मजा वाटत होती, खोटं कशाला बोलू.

एरंडोलच्या अलीकडेच मला लागली. मी उठले तर हे म्हणाले, ‘थांब, पुढे पंप आहे. आपलं नवंकोरं कशाला घाण करायचं लगेच?’

पंपावरच्या संडासाची चावी एका मोठ्या लाकडी ठोकळ्याला बांधलेली होती. आत कडी नव्हती, कडीच्या जागी सुतळी. कोपऱ्यात गुटख्याच्या पिचकाऱ्या कमरेच्या उंचीपर्यंत चढलेल्या. भांडं तुंबून काठोकाठ भरलेलं, वर सिगारेटची थोटकं तरंगत होती, आणि नळ उघडला तर त्यातून नुसती फुस्स हवा आली. माझी चप्पल फरशीला चिकटली. मी दार लोटून बाहेर आले, सरळ गाडीत चढले आणि प्लायवुडच्या खोलीची कडी लावून घेतली.

बाहेर आले तर ह्यांनी सगळ्या खिडक्या उघडल्या होत्या. डॅशबोर्डवर उदबत्ती. भाकऱ्यांचं फडकं आणि चटणीचा डबा उचलून पुढच्या सीटवर नेला होता.

‘जिथे जेवायचं तिथेच हे,’ ते म्हणाले. ‘मला नाही बाबा सहन होत.’

‘घरी आपला संडास स्वयंपाकघराला लागूनच आहे की.’

‘मध्ये भिंत आहे.’

‘इथेही आहे.’

‘ती प्लायवुडची.’

भडगावला दोन दिवस मी जितक्या वेळा आत गेले तितक्या वेळा उदबत्ती लागली. एखाद्या माणसाने आपल्या बायकोच्या लघवीला धूप दाखवावा, आणि तोही छत्तीस वर्षांच्या संसारानंतर, याची मला शिसारी आली. स्वतः मात्र ते पहाटे पाण्याची बाटली घेऊन ज्वारीत जायचे. निवृत्त इंजिनिअर, पायात बूट, कानाला मफलर. कोणाच्या ज्वारीत बसताय हे विचारलं तर म्हणाले, ‘खतच होतं.’

मग पारोळ्याच्या रस्त्यावर एका ढाब्यावर त्यांनी शेवभाजी हाणली. वर बोटभर तेलाचा तवंग, तोही पुसून खाल्ला. धुळ्यात पोहोचेपर्यंत पोटात कळा सुरू झाल्या. भर बाजाराच्या रस्त्यावर गाडी बाजूला लावून ते मागे धावले, आणि त्या दुपारी चार वेळा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन वेळा त्या प्लायवुडच्या खोलीत गेले. उदबत्ती मी लावली नाही. त्यांनाही आठवली नाही. संध्याकाळी डब्यावरची लाल खूण वर आली. डबा भरला होता, आणि तो कोणी भरला होता हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

‘पाटात सोडून देऊ,’ ते म्हणाले. ‘वाहतं पाणी आहे.’

ज्या माणसाने आयुष्यभर पाटाचं पाणी सोडलं तो हे म्हणत होता. मी म्हटलं, त्या पाटावर बायका धुणं धुतात, ढोरं पाणी पितात, तुम्ही असं काही केलंत तर मी आरडाओरडा करीन. ते चिडले. तोच डबा घेऊन शिंदखेड्याच्या रस्त्याला लागलो. मागून आंबूस, उष्ण वास येत होता आणि खड्डा आला की डब्यात डुचमळायचं. मी पदर नाकाला लावून बसले होते आणि हे काच खाली करून, तोंड बाहेर काढून गाडी चालवत होते.

शिंदखेड्याच्या स्टँडजवळ ते चहाला उतरले. उभ्याने दोन कप प्यायले. मग ग्लास धुणाऱ्या चहावाल्याला विचारलं, ‘इथे बौद्धवाडा कुठल्या बाजूला?’

त्याने एकदा गाडीकडे पाहिलं आणि हाताने दिशा दाखवली.

मला काही कळलं नव्हतं असं लिहायला मला आवडलं असतं. पण मला चांगलं कळलं होतं. गाडी वळली, घरांवर पंचशीलाचे झेंडे दिसले, तेव्हा मी खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि मांडीवर हात ठेवून बसले.

पडद्याच्या फटीतून मला दिसलं, पहिल्याच घराच्या ओट्यावर साठी उलटलेले एक गृहस्थ पेपर वाचत होते. पांढरा सदरा, चष्मा. ह्यांनी नमस्कार केला.

‘एखादा माणूस मिळेल का? थोडं साफसफाईचं काम होतं.’

‘कसली साफसफाई?’

ह्यांनी आवाज बारीक केला. गाडीच्या मागच्या झडपेकडे बोट दाखवलं. डबा हा शब्द मला ऐकू आला.

‘मग इथं का विचारताय?’

‘नाही, म्हणजे या कामाची माणसं... आम्ही देऊ ना योग्य ते.’

त्या गृहस्थांनी पेपरची घडी घातली. आवाज चढवला नाही. ‘साहेब, मी एसटीत कंडक्टर होतो. पेन्शनीत आहे, तुमच्यासारखाच. समोरच्या घरातली पोरगी नर्स आहे. पलीकडचा शेती करतो. यातलं कोण पाहिजे तुम्हाला?’

ह्यांनी खिशातून पाकीट काढलं.

‘घाण तुमची आहे ना? मग तुम्हीच टाका. जागा नसेल तर आमचा संडास आहे मागे, त्यात टाका. रस्त्यावर नका सांडू, लेकरं खेळतात इथं.’

हे लालबुंद होऊन गाडीत आले. ‘बघितलंस? काय माज आलाय एकेकाला!’

त्या क्षणी डब्यातल्या वासापेक्षा मला माझ्या नवऱ्याची जास्त किळस आली. त्यांचा घामेजलेला मानेचा पट्टा, ओठावर वाळलेला चहा, ते ‘एकेकाला’. यांच्या ताटात मी रोज गरम भाकरी वाढली, यांच्या शेजारी झोपले. मी मनाशी नक्की केलं, हा डबा रिकामा करायचा आणि यांना सांगायचं, मला स्टेशनवर सोडा. रेल्वेने जळगावला जाईन. एका छपराखाली राहायचं की नाही ते घरी गेल्यावर ठरवीन. पण या गाडीत यांच्या शेजारी आता बसायचं नाही. काय काय बोलायचं तेही झडप उघडताना ठरत गेलं. छत्तीस वर्षांचं साठलेलं होतं, शब्दांना तोटा नव्हता.

डबा मी ओढला. जड होता. बूच नीट बसलं नव्हतं, हातावर ओघळ आला. हे खिडकीतून म्हणाले, ‘सांडू नको.’

दारात त्या गृहस्थांची बायको उभी होती. ‘आठून या अक्का,’ म्हणाली आणि घराच्या बाजूच्या बोळातून मला मागे घेऊन गेली. ‘हाऊ आमना संडास. बादली तठेच शे.’

पांढऱ्या टाइल्स, घासूनपुसून लख्ख. फिनेलचा वास. प्रवासात पाहिलेला एवढा स्वच्छ संडास तो एकच, आणि त्यात मी आमची चार-पाच दिवसांची घाण ओतली. ती एकदम पडली, शिंतोडे पायांवर उडाले, टाइल्सवर उडाले.  मी पाणी टाकत राहिले, कुंच्याने टाइल्स घासल्या, परत घासल्या. ती बाई दाराशी उभी राहून बादल्या भरून देत होती. नाकाला पदर तिने लावला नव्हता.

‘हात धोई ल्या. हाऊ साबण.’ तिने तांब्याने माझ्या हातावर पाणी घातलं, कोपरापर्यंत. मग ओट्यावर बसवून चहा दिला. गृहस्थांनी गाडीकडे बघून हाक मारली, ‘साहेब, या, चहा घ्या.’

‘नको नको,’ हे आतूनच म्हणाले. ‘मला पित्त आहे. मी चहा घेतच नाही.’

गृहस्थांनी चष्मा लावून पुन्हा पेपर उघडला. मी मान खाली घालून चहा पीत होते आणि खरं सांगायचं तर मला आतून फार बरं वाटत होतं. डबा मी उचलला होता. चहा मी पीत होते. आमच्या दोघांत एक माणूस नासका निघाला होता आणि तो मी नव्हते.

ती बाई माझ्याजवळ ओट्यावर टेकली. आवाजात राग नव्हता, वर्गात एखाद्या हुशार पोराला अडलेलं विचारावं तसं तिने विचारलं.

‘अक्का, तुम्ही गाडीमा बठेल व्हत्यात ना? पडदा हालना, मी देखं. तुम्ही काबर नही बोलन्यात?’

का नाही बोलले, याची तयार उत्तरं पुष्कळ होती. ते ऐकत नाहीत. बायकांचं कोण ऐकतं. मला वाटलं ते दुसरंच काही विचारतील. यातलं एखादं तोंडावर आलंही. पण ती माझ्याकडे बघत होती, आणि माझ्या हाताला तिच्या साबणाचा वास येत होता.

‘भाऊंनी या कामाला हो म्हणावं,’ गृहस्थांकडे बघून मी म्हणाले, ‘असंच मला वाटत होतं.’

तिने माझ्या हातातला कप घेतला आणि ती आत गेली. गृहस्थांनी पेपरचं पान उलटलं. मी रिकामा डबा झडपेत सरकवला, कडी लावली. बराच वेळ गाडीच्या मागेच उभी राहिले. ह्यांनी हॉर्न वाजवला.

स्टेशनचं मी काही बोलले नाही. पुढे जाऊन ह्यांच्या शेजारच्या सीटवर बसले.