आईने विणलेल्या सहा खुर्च्या

मंडळी, आज ऑफिसात मी जे केलं ते बरोबर की चूक, अजून कळत नाही. म्हणून इथे लिहितेय.

आंध्र राज्याचे दोन भाग झाले, तसं राजधानीतल्या आबिड्सच्या आमच्या सरकारी ऑफिसातलं सामानही वाटलं जातंय. साहेबांच्या खोलीतल्या सहा वेताच्या खुर्च्यांवर मला चिठ्ठ्या लावायच्या होत्या. तीन तेलंगणाला, तीन आंध्रला.

त्या खुर्च्यांचा वेत माझ्या आईने विणलाय. लग्न होऊन नांदेडहून इथे आली, वेतकाम शिकली आणि आयुष्यभर तेच केलं. विणून झाली की प्रत्येक खुर्चीवर स्वतः बसून बघायची. "साहेब नंतर बसतील, आधी मी!" जरा झोळ वाटला तर सगळं उसवून पुन्हा विणायची. तिला जाऊन चार वर्षं झाली.

आता कोणत्या तीन द्यायच्या? सगळ्या सारख्याच ताठ. मला काही सुचेना. शेवटी मीही एकेकीवर बसून बघायला लागले.

"क्या कररैं मॅडम?" शेजारच्या टेबलाचे श्रीनिवास हसले. कर्मचाऱ्यांच्या वाटणीत ते स्वतः आंध्रच्या यादीत आहेत. कारण सांगितल्यावर त्यांनी वेतावरून हात फिरवला. मग म्हणाले, "हमकू बांटे तब कौन इत्ता सोचा?"

चिठ्ठ्या कशाबशा लावल्या. पण घरी आल्यापासून वेगळंच डोक्यात घोळतंय.

बारा वर्षं त्या खोलीत मी उभी राहूनच बोलले. त्या खुर्च्यांवर तर साहेबांच्याही आधी माझी आई बसली होती. मग मी कुणाला भीत होते?