मेंढरांसाठी घेतलेला ड्रोन

माझा धाकटा भाऊ बिरुदेव सोलापुरात एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं, याच्या सात पिढ्या पुण्यात गेल्या. अहो, आम्ही धनगर! सांगोल्याकडच्या माळावर आमच्या आप्पांची मेंढरं आहेत आणि त्या मेंढरांवरच हा शिकला. पण ऑफिसात कुणी विचारलं, वडील काय करतात, की हा म्हणणार, "शेती." मेंढरू हा शब्द त्याच्या तोंडून निघेल तर शपथ. मला लई राग येतो. पण पोरगं वाईट नाही हो, आईबापावर जीव आहे त्याचा.

आप्पांना हल्ली दिसत नाही. एका डोळ्यात फूल पडलंय, दुसऱ्याला नुसतं अंधुक. मध्यंतरी मेंढरं कुणाच्या तरी डाळिंबात शिरली आणि तो बागवाला आप्पांना नाही नाही ते बोलला. तेव्हापासून आप्पांनी एकच धरलं, कळप विकायचा. कळप गेला तर हा माणूस खाटेलाच लागणार, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं. बिरुदेवानंच डोकं चालवलं. कॅमेऱ्याचा ड्रोन घ्यायचा. आमची आई, केराबाई, मोबाईल झकास चालवते, माळावरून व्हिडिओ कॉल लावते. ती ड्रोन उडवील आणि मेंढरं कुठं गेली ते बघील. आप्पा म्हणाले, "बरं. चाललं तर ऱ्हाऊ देऊ मेंढरं. न्हाय चाललं तर इकू."

उडवायचा आईला, म्हणून तिलाच सोलापूरला बोलावलं. नवी पेठेत स्कूटर लावायला जागा मिळते का कधी? मी मागं राहिले, आई आणि बिरुदेव पुढं दुकानात गेले. मी पोचले तर आई दुकानाच्या पायरीवर बसलेली.

"अगं, हितं का बसलीस?"

"दुकानदार म्हनला, आजी, जरा बाजूला व्हा, गिऱ्हाईकाशी बोलतोय. मग आले भाईर." आई हसत होती.

"अन् बिऱ्या काय म्हणाला?"

"त्यो काय म्हननार? त्येचं बोलनं चालू हुतं की."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत शिरले तर काउंटरवर दोन ड्रोन मांडलेले. दुकानदार बिचारा नीट समजावून सांगत होता. एक हलका, चित्र एकदम स्वच्छ, पण चार भिंतींच्या आत उडवायचा, वाऱ्यात नाही. दुसऱ्याचं चित्र साधारण, पण वाऱ्यात जागचा हलत नाही, आणि बटण दाबलं की उडवला तिथं परत येतो. नवशिक्याला तोच सोपा. किमतीत फारसा फरक नव्हता.

"तुम्हाला कशासाठी पाहिजे, सर?"

शेजारी दोन कॉलेजच्या मुली मोबाईलची कव्हरं बघत होत्या. बिरुदेवानं घसा खाकरला. "लग्नाच्या शूटिंगसाठी. हॉलमध्येच उडवायचा."

मी तोंड उघडलं, पण त्यानं माझ्याकडं असं केविलवाणं बघितलं की मी ते परत मिटलं. दुकानदारानं हलकाच ड्रोन बांधून दिला. बाहेर आल्यावर मात्र मी याला सोडला नाही. "लाज वाटत नाही व्हय रे? जा, आत्ताच्या आत्ता बदलून आण!"

"लाजच वाटली गं, ताई," तो मान खाली घालून म्हणाला. "आता परत जाऊन कुठल्या तोंडानं सांगू?"

त्याचे कान लालबुंद झाले होते. रस्ताभर तो आईच्या नजरेला नजर देईना. तिच्या हातातली पिशवी मागायला गेला तर आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे, तू खोकं सांबाळ."

रविवारी आम्ही माळावर गेलो. आईनं ड्रोन उडवला. लहान पोरीसारखी ओरडली, "दिसत्यात की समदी!" तेवढ्यात वारं सुटलं आणि ड्रोन तिरका होऊन सरकायला लागला. आई बटणं दाबतीय, दाबतीय, आणि तो आपला चाललाय. गेला तो गेलाच. ऊन डोक्यावर येईस्तोवर शोधला, सापडला नाही.

बाभळीखाली भाकरी सोडली. आप्पांनी विचारलं, "दुकानात सांगितलं न्हवतं व्हय रं, माळावर उडवायचं म्हनून?"

 बिरुदेवाच्या आधी आईच बोलली. "सांगितलं की! म्हनला, ही माझी आय, हीच उडवनार, आमची मेंढरं हायत. दुकानभर लोकं ऐकत हुती."

आप्पांचा चेहरा असा फुलला म्हणून सांगू. "असं म्हनला? लोकांम्होरं?"

"तर!"

"मग पोरानं काय कमी केलं न्हाय. यंत्रालाच वारं सोसंना, त्याला कोन काय करनार? आता मेंढरं इकू."

बिरुदेव गप्प बसला असता तर सुटला असता. त्याचा घास हातातच राहिला होता.

"आप्पा, आय खोटं बोलती."

"जेव की गप," आईनं डोळे वटारले.

पण तो थांबला नाही. कितीतरी वर्षांनी त्याच्या तोंडून गावची भाषा ऐकली मी. "वाऱ्यात टिकनारा हुता, आप्पा. शेजारीच ठिवला हुता. मेंढरांसाठी पायजे म्हनायची लाज वाटली मला. अन् आयला बाजूला व्हा म्हनले, तवा मी वळखबी दिली न्हाय." एवढं बोलून तो हमसून हमसून रडायला लागला.

आप्पांनी हातातली भाकरी खाली ठेवली. मग आवाजाच्या रोखानं तोंड वळवून म्हणाले, "मला दिसत न्हाय, बिरू. तुला तर आय दिसत हुती न्हवं?"