रानकांद्याची हद्द

आमच्या दैर सुमाक गावात एखादं पोर हट्टाला पेटलं की आया म्हणतात, "झाली का तुझी रस्मिया?" ज्या बाईच्या नावाचा असा शब्द झाला, ती रस्मियाखाला काही माझी सख्खी खाला, म्हणजे मावशी, नाही. शेजारीण आहे, तीही घराची नाही, शेताची. शेताचा शेजार काय असतो हे ज्याने भोगलंय त्याला जास्त सांगायला नको. वयाच्या सदतिसाव्या वर्षापर्यंत मी तिला मनातल्या मनात हजारदा आणि तोंडावर दोनदा 'कंजूष म्हातारी' म्हटलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कौतुक वाचून तुम्हाला वाटेल की हा तिचा जुना भक्त असावा.

दगडाच्या खाणीत नवरा दगावला तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. पदरात दोन मुली. दीर म्हणाले, "जमिनीचं आम्ही बघतो, तू मुलींचं बघ." ती म्हणाली, "मुली शेतातच वाढतील. दोन्हींकडे एकदमच बघते." दीर हसले. म्हणाले, एक हंगाम जाऊ दे, आपणच येईल रडत. ती काही आली नाही.

तिच्या जमिनीला आम्ही घुबडाची खळगी म्हणतो. चौदा दूनम, म्हणजे साडेतीन एकराला थोडी कमी. नाव खळगी असलं तरी वरचा भाग नुसता चढ, आणि त्यात मातीपेक्षा खडक जास्त. तिथे ट्रॅक्टर चढत नाही. रस्मियाखाला गाढवाला लाकडी नांगर जुंपते आणि दोन खडकांमधला चादरीएवढा तुकडा नांगरते. गाढव वळू शकत नाही तिथे कुदळ. एक वर्ष सातू, एक वर्ष मसूर. हिवाळ्यातल्या पावसाने माती खाली वाहून आली की वसंतात ती टोपलीत भरून पुन्हा वर नेऊन टाकते. आपलीच माती डोक्यावर घेऊन आपल्याच शेतात चढणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही.

तिच्या शेताला लागून खाली आमचं शेत. मधे भिंत नाही, तार नाही. आमच्याकडे हद्दीला रानकांदा लावतात. त्याचा गड्डा खोल बसतो, नांगराने उखडत नाही, दुष्काळात मरत नाही, आणि विषारी म्हणून शेळ्यामेंढ्या तोंड लावत नाहीत. उन्हाळा संपता संपता, पहिल्या सरीच्या आधी, एकही पान नसताना त्याला पांढऱ्या फुलांचा कमरेएवढा दांडा फुटतो. तेव्हा टेकडीवर उभं राहिलं की गावातल्या कुणाचं शेत कुठे संपतं ते सगळं दिसतं. हा कांदा कुणी हलवला तर त्या घरात कुणी मुलगी देत नाही, तिथली करूनही घेत नाही. चोराला देतील, पण कांदा हलवणाऱ्याला नाही.

दरवर्षी नांगरणीच्या दिवशी रस्मियाखाला काठी घेऊन त्या ओळीत उभी असायची. "नांगर कांद्याच्या अलीकडे हं, पोरा. एक बोटही पुढे नाही."

"एक बोट गेलं तर तुझी मसूर काय रडणार आहे का?" मी म्हणायचो.

"मसूर नाही रडणार. तू रडशील."

माझे वडील अतवान बोलायला चांगले खमके होते, पण हिच्यापुढे मान खाली घालून निघून जायचे. मला त्यांचा राग यायचा. वाटायचं, आपला बाप एका म्हातारीला घाबरतो. ते गेले तेव्हाही ही मयतीला आली, मसुराचं मोठं पातेलं घेऊन आली, आणि मी मनात म्हटलं, आता तरी खूश असशील.

मग खळगीच्या वरच्या कड्यावर ज्यू वसाहतकऱ्यांचे तंबू आले. पुढे दोन वर्षांत तंबूंची पत्र्याची घरं झाली. तिथला एल्हानान नावाचा माणूस शेळ्या घेऊन खाली यायचा. मोडकंतोडकं अरबी बोलायचा. एकदा तो खळगीच्या वरच्या अंगाला उभा राहून म्हणाला, "बाई, हे सगळं आमच्या पूर्वजांचं आहे. देवाने दिलेलं. दोन हजार वर्षं आम्ही याच जागेसाठी रडलो." तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं, आणि मला त्याचंच जास्त भय वाटलं.

रस्मियाखाला नांगर न थांबवता म्हणाली, "तू रडलास, मी खणलं. शेळ्या बाजूला घे, कोंब आलेत."

त्या वसंतात एका रानकांद्यावर दगडाखाली ठेवलेला कागद सापडला. घुबडाची खळगी ही पडीक सरकारी जमीन असल्याचं जाहीर करण्यात येत आहे, हरकत असल्यास पंचेचाळीस दिवसांत नोंदवावी. जुना तुर्की कायदा आहे, कसलेली नसेल ती जमीन सरकारची. तो तुर्कांनंतर आलेल्या प्रत्येकाने जपून ठेवलाय. विमानातून काढलेल्या फोटोंत खळगी खडकाळ दिसत होती. चादरीएवढे तुकडे आभाळातून कुठले दिसायला! आमचं शेत सपाट, ट्रॅक्टरने नांगरलेलं, म्हणून ते नोटिशीतून सुटलं होतं. तिच्याकडे सारा भरल्याच्या पावत्या होत्या, पण तिच्या आजेसासऱ्याने सारा कमी लागावा म्हणून चौदा दूनमची नोंद चारच केली होती. गावातल्या सगळ्यांच्याच आजोबांनी तेव्हा हाच शहाणपणा केला होता, आणि त्यांच्या नावाने बोटं मोडण्यात आमच्या दोन पिढ्या गेल्या.

वकीलबाई आली जेरुसलेमहून. नोगा तिचं नाव, त्यांच्यातलीच, ज्यू, पण असले खटले आमच्या बाजूने लढणारी. अंगणात बसून मरमियाची सुगंधी पानं घातलेला चहा पीत तिने विचारलं, "खाला, वरपर्यंत पेरणी होत होती असं दाखवणारा जुना कागद आहे? कसलाही. भांडणाचा, तक्रारीचा, काहीही चालेल."

रस्मियाखालाने डोक्यावरचं फडकं नीट केलं. "नाही."

"नीट आठवा. त्याच्याशिवाय कठीण आहे."

"आठवायचं काय त्यात? नाही म्हणजे नाही."

परतताना माझे म्हातारे मामा हाज शुक्री माझ्याबरोबर होते. नव्वदीला आलेले, गावातल्या निम्म्या तंट्यांत पंच म्हणून बसलेले. ते वाटेत काठी आपटत थांबले. "आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली ही बाई. आणि कुणासाठी? तुझ्या बापासाठी."

मी म्हटलं, "माझ्या बापाचा काय संबंध?"

मग त्यांनी सांगितलं. ती विधवा होऊन तीन वर्षं झाली होती. ती मुलींना घेऊन माहेरी गेली असताना माझ्या वडिलांनी रानकांद्याची ओळ तीन पावलं वर सरकवली. तिने आल्या आल्या ओळखलं. पंच बसले, वडिलांनी कबूल केलं, कागद झाला, अंगठे उठले. आणि समेटाची कॉफी पिताना तिने शब्द दिला की हा कागद ती कुणालाही दाखवणार नाही, म्हणजे अतवानच्या घराचं नाव खराब होणार नाही. मामांनी एवढं सांगितलं आणि म्हणाले, "पुढचं तिलाच विचार. मीही शब्द दिलाय, अर्धा तर आत्ताच मोडला."

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. माझ्या मुलीचं लग्न ठरायचं होतं. बाप तर वर गेला, पण नाव माझ्या घराला चिकटलेलं. आणि खरं सांगतो, पहिल्या दिवशी मला वाटलं, गप्प बसावं. ती बोलत नाही, मी कशाला बोलू? दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली वाहून आलेली माती टोपलीत भरताना दिसली. जमीन पुढच्या महिन्यात राहते की जाते याचा पत्ता नाही, आणि ही माती वर नेतेय! माझीच मला लाज वाटली.

मी तिच्या घरी गेलो. तिने कॉफी पुढे केली. मी पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. आमच्याकडे याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. मागणं मान्य झाल्याशिवाय पाहुणा कॉफी पीत नाही, आणि न पिता गेला तर यजमानाच्या घराची अब्रू जाते.

ती हसली. "दोन्ही मुलींना नातवंडं व्हायला आलीत रे. मागतोस कुणाला?"

"कागद हवाय, खाला."

तिचं हसू गेलं. "कसला कागद?"

"तीन पावलांचा."

"शुक्रीची जीभ गळून पडो. घे ती कॉफी, निवतेय."

"निवू दे."

"माझा शब्द गेलाय त्यात, वजीह."

"ज्याला दिलास त्याचा मुलगा मी. मीच सोडवतो तुला त्यातून."

"आणि तुझ्या पोरीचं लग्न?"

"कागद वाचून पळणारा जावई मलाही नको."

ती उठली, पिठाच्या डब्यामागून बिस्किटांचा गंजका डबा काढला, त्यातला कापडात गुंडाळलेला कागद हातात दिला. "आता इथे उघडू नकोस. तिथे, सुनावणीतच वाच." मी गार कॉफी एका घोटात संपवली.

अपिलाची सुनावणी लष्कराच्या तळावरच्या एका खोलीत, आमच्या भागावर अंमल लष्कराचाच. समोर तीन अधिकारी, एक दुभाषा. एका बाजूला एल्हानान आणि त्यांचा वकील. मागे बाकावर आमच्या गावचे दहा-बारा जण. नोगाने आधी रानकांद्याच्या ओळीचे फोटो दाखवले. तेव्हा एल्हानान उठून म्हणाला, "हा कांदा! आमच्या धर्मग्रंथांत लिहिलंय, यहोशवाने देश वाटून दिला तेव्हा हद्दी याच कांद्याने आखल्या. म्हणजे ही ओळ आमचीच साक्ष आहे."

दुभाष्याने सांगितलं. रस्मियाखाला बसल्या जागेवरून म्हणाली, "लावला असेल त्याने. पण हलवला याच्या बापाने." आणि काठी माझ्याकडे रोखली. आमच्या बाकावर कुणीतरी फसकन हसलं आणि मग एकदम गप्प झालं, कारण त्यांना कळलं की हा विनोद नाही.

मी उभा राहिलो. घडीवर विरलेला कागद, हाज शुक्रींचं तेव्हाचं ठसठशीत अक्षर. मी वाचत गेलो. "मी, अतवान, पंचांसमोर कबूल करतो की खर्नूबच्या झाडापासून मोठ्या खडकापर्यंतची रानकांद्याची ओळ मी तीन पावलं वर, रस्मियाच्या मसुराच्या पिकात सरकवली. आम्ही पंचांनी जागेवर जाऊन पाहिलं. रस्मियाची पेरणी या ओळीपासून वर कड्याच्या खालपर्यंत, प्रत्येक दोन खडकांमधे आहे." तारीख होती, एकोणीसशे चौऱ्याहत्तर. सहा अंगठे होते. नोगाने मान हलवली, तिला हवं होतं ते मिळालं होतं. मला वाटलं, संपलं. पण अंगठ्यांच्या खाली आणखी चार ओळी होत्या.

"रस्मियाचं म्हणणं: काल अतवानच्या घरी मुलगा झाला. बाळाला बघायला रिकाम्या हाताने जात नाहीत. ही तीन पावलं त्याला माझ्याकडून. कांदे आता आहेत तिथेच राहू देत. मात्र यापुढे एक बोटही नाही."

ते बाळ मी. चौऱ्याहत्तर साली आमच्या घरी दुसरं कुणी जन्मलेलं नाही. शेवटची ओळ मी दोनदा सुरू केली आणि दोनदा अर्ध्यातच सोडली. मग दुभाष्याने कागद माझ्या हातातून घेऊन स्वतःच वाचला. एल्हानान आपल्या कागदांकडे बघत बसला. त्याचं मत बदललं असं मी म्हणणार नाही, बदललं नाही. रस्मियाखाला खिडकीबाहेर बघत होती, भलत्याच कुणाबद्दल चाललं असल्यासारखी.

निकाल पाच महिन्यांनी आला. चौदापैकी नऊ दूनम तिची राहिली. वरची पाच गेली, तिथे आता कुंपण आहे. लोक म्हणाले, नऊ वाचली म्हणजे पुष्कळ झालं. ती पाचासाठी रडली, गावासमोर, मोठ्याने, आणि दुसऱ्या दिवशी कुंपणाला चिकटून कुदळ मारायला लागली. आजही तिथली मसूर कुंपणाला टेकते. माझ्या मुलीचं लग्नही झालं. सोयरे म्हणाले, ज्या घराला त्या बाईने जमीन दिली, ते घर आम्हाला चालेल.

पण त्या वर्षीच्या नांगरणीचं सांगायचं राहिलं. रानकांदे फुलले होते. मी पहार घेऊन ओळीपाशी गेलो आणि पहिल्या गड्ड्याभोवती खणायला लागलो. रस्मियाखाला वरून धावत आली. पासष्टीची बाई, धावत.

"काय करतोस रे?"

"तुझी तीन पावलं परत देतोय."

तिने काठीने माझ्या पाठीत एक हाणली, बऱ्यापैकी जोरात. "गाढवा! कांदे इथे आहेत असं कागदात आहे ना? हलवलेस तर उद्या म्हणतील कागदच खोटा."

मी पहार खाली टाकली. इतक्या वर्षांत त्या तीन पावलांतून आम्ही किती भाकऱ्या खाल्ल्या असतील, तेच मनात येत होतं. म्हटलं, "खाला, मी तुला कंजूष म्हणायचो."

"माहितीय. दोनदा ऐकू आलं." तिने पायाने माती गड्ड्याभोवती पुन्हा लोटली, दाबली. "बाळाला दिलेलं परत घेत नसतात. जा, नांगर आण. आणि आधी माझं वरचं करून दे, माझं गाढव लंगडतंय."

तिचं आधी केलं, उसनं गाढव जुंपून, मग माझं ट्रॅक्टरने. शेवटच्या तासाला मी ओळीजवळ आलो तेव्हा ती नेहमीच्या जागी काठी घेऊन उभी होती.

"एक बोटही पुढे नाही हं, पोरा."

"नाही, खाला," मी म्हटलं आणि कांद्याच्या अलीकडे नांगर वळवला.