रतिलालचे ओरडणारे तवे

रतिलाल बडगुजर मोठ्याने बोलल्याचं धुळ्यात कोणालाच आठवत नव्हतं. एसटीत आपला थांबा आला तरी कंडक्टरला हाक मारायचा त्याला धीर होत नसे. तो मुकाट्याने पुढच्या थांब्यावर उतरायचा आणि चालत मागे यायचा. शिंक आली की कचेरीच्या व्हरांड्यात जाऊन शिंकायचा, आणि परत येऊन शेजारच्या टेबलाची माफी मागायचा. एका सरकारी कचेरीत तो आवक-जावक कारकून होता. आलेल्या टपालावर शिक्का, गेलेल्या टपालावर शिक्का, आणि मधल्या वेळात साहेबांसमोर उभं राहून "होय साहेब". कागद कोणीही हरवो, तो आवक-जावककडेच हरवलेला असतो, असं कचेऱ्यांचं शास्त्र आहे.

असा माणूस छंद म्हणून जमवून जमवून काय जमवणार? रतिलाल काडेपेट्यांचे छाप जमवायचा. बसस्टँडवरच्या चहावाल्यांना त्याची सवय झाली होती. रिकामी काडेपेटी दिसली की हा अदबीने विचारायचा, "घेऊ का?" एका इंग्रजी मासिकाच्या मागच्या पानावर पत्रमित्रांचे पत्ते छापून येत. त्यात त्याला कीथ सापडला. इंग्लंडात हॅलिफॅक्स गावी गालिच्यांच्या गिरणीत कामाला असलेला आणि काडेपेट्यांचेच छाप जमवणारा. मग हत्ती, कोंबडा, विमान, तीन केळी असे छाप धुळ्याहून हॅलिफॅक्सला जायला लागले.

त्र्याऐंशी साली कीथने लिहिलं, "तुझ्या छापांची परतफेड करावी असं माझ्याकडे काही नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी आमच्याकडे पोरांनी गाण्याच्या नावाखाली बराच धुडगूस घातला. त्याच्या छोट्या रेकॉर्डी मी तेव्हा घेतल्या होत्या. आता त्या इथे कोणाला नको आहेत. तुला चालतील?"

रतिलालने अर्थातच "होय" कळवलं. नाही म्हणायची त्याला सवयच नव्हती.

पहिलं पार्सल आलं त्यात चार रेकॉर्डी होत्या. एका पाकिटावर फाटक्या शर्टाचा, केस उभे राहिलेला एक पोरगा होता आणि शर्ट जागोजागी सेफ्टीपिनांनी टाचलेला होता. रतिलालची बायको बेबाबाई, माहेर पारोळ्याचं, तिने तो फोटो खिडकीशी नेऊन नीट पाहिला.

"टाका घाली देनारं कोनी नही का याले?" ती कळवळून म्हणाली.

रेकॉर्ड लावायला घरात यंत्र नव्हतं, म्हणून रतिलाल लाऊडस्पीकरवाल्या पितांबरकडे गेला. धुळ्यातल्या निम्म्या लग्नांत पितांबरचा भोंगा वाजायचा. पितांबरच्या भाषेत रेकॉर्ड म्हणजे तवा. त्याने तवा लावला, सुई टेकवली, आणि जो काही आवाज सुटला त्याने समोरचा न्हावी वस्तरा घेऊनच बाहेर आला.

"रतिलालभाऊ," पितांबर घाबरून म्हणाला, "माझा भोंगा फाटला, का गाणंच असं शे?"

रतिलालचे डोळे भरून आले होते. त्या दिवशी सकाळीच साहेबांनी सगळ्या कचेरीसमोर त्याची कानउघाडणी केली होती, न केलेल्या चुकीबद्दल, आणि तो सगळा वेळ मान हलवत होता. आता हॅलिफॅक्सकडचा कोणी अनोळखी पोरगा त्याच्या वतीने, त्याच्या मनातलं सगळं, घसा फुटेस्तोवर ओरडत होता. शब्द एकही कळत नव्हता, पण त्याने काही अडत नव्हतं. अडीच मिनिटांत तवा संपला. रतिलालने रुमालाने नाक पुसलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "परत लावता का?"

पुढे पितांबरने कॅसेटी आणल्या तेव्हा त्याचं जुनं सुटकेसवालं यंत्र रतिलालच्या घरी आलं. पार्सलंही येत राहिली. काही तव्यांची मधली भोकं मोठी असायची, त्यांच्यासाठी रतिलालने जुन्या चपलेच्या तळव्यातून गोल चकत्या कापल्या. गाण्यांची नावं त्याच्या जिभेवर बसत नव्हती, म्हणून त्याने आपली ठेवली. एक 'दार आपटणारा', एक 'साहेबाला उत्तर देणारा', एक 'बस चुकलेला'. संध्याकाळी सात वाजता हातपाय धुऊन तो एक तवा लावायचा. दोन्ही बाजू, आणि एकच. ज्या दिवशी जे गिळलं असेल त्याप्रमाणे तवा निघायचा.

स्वयंपाकघरातून बेबाबाईचं काही ना काही चालूच असायचं. "ह्या मानोसना पोटम्हा दुखस का?" "आज याले कोनी मारी ऱ्हायनं?" शेजारच्या एका बाईने एकदा विचारलं, घरात भांडणं होतात का हो रोज? बेबाबाई म्हणाली, "आमना घरम्हा भांडाले इंग्लंडथीन मानसं येतस." घरात दोघंच होती. मूलबाळ झालं नव्हतं. त्याविषयी दोघं बोलत नसत, आणि न बोलण्यात ती एकमेकांना फार जपत.

एकोणनव्वद साली बदली होऊन बिऱ्हाड जळगावला आलं. तोवर तवे एकशे बेचाळीस झाले होते आणि कीथकडचा साठा संपला होता. खोल्या पत्र्याच्या होत्या आणि पुढच्या पावसाळ्यात एक कोपरा गळला. नेमका तव्यांचाच. पाकिटांवर बुरशी धरली. रतिलाल संध्याकाळी एकेक तवा मलमलीच्या फडक्याने पुसायचा, नाकाशी धरायचा आणि स्वतःशीच म्हणायचा, "वल धरी लिन्ही." ओल धरली. हे त्याने हिवाळाभर म्हटलं. बेबाबाई भाकरी थापता थापता ऐकत होती.

आता खानदेशात ओलीवर एकच औषध आहे. वैशाख लागला की घरातल्या झाडून सगळ्या वस्तू उन्हात जातात. डाळी, चिंच, गोधड्या, ठेवणीतल्या साड्या. ऊन दाखवलेली वस्तू वर्षभर टिकते, ही इथली श्रद्धा, आणि आजवर ती खोटी ठरलेली नव्हती.

एक्क्याण्णवच्या मे महिन्यात पितांबरच्या मुलीचं लग्न होतं, म्हणून रतिलाल दोन दिवसांसाठी धुळ्याला गेला. बेबाबाईला बरोबर चल म्हटलं, तर ती म्हणाली, मला काम आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने शेजारच्या गच्चीवर दोन खाटा चढवल्या. गच्ची शेजारीण रुक्माबाईची, आणि तिथे आधीच तिचे बिबडे वाळत होते. ज्वारीचे ते पापड बेबाबाईने मागून एका बाजूला सरकवून घेतले. खाटांवर स्वतःची ठेवणीतली साडी अंथरली. मग एकशे बेचाळीस तवे पाकिटांतून काढले, पुसले आणि हारीने मांडले. कोणता तवा कोणत्या पाकिटातला हे चुकू नये म्हणून प्रत्येकाचं पाकीट त्याच्या उशाशी ठेवलं, वर खडा. बारा वाजता, जेव्हा जळगावात कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत, ती पदर डोक्यावर घेऊन वर गेली. तवे उलटायला. दुसऱ्या बाजूलाही ऊन लागायला हवं ना.

उलटताना ते मऊ लागले. पहिल्यांदा तिला वाटलं, ओल निघते आहे.

रतिलाल चारच्या सुमाराला स्टँडवरून चालत आला. हातात लग्नातल्या लाडवांचा पुडा होता. गल्लीच्या तोंडाशीच त्याला गच्चीवर काळं काही चमकताना दिसलं. वर जाऊन पाहतो तो कोणाची वाटी झाली होती, कोणाचं पन्हळ, कोणी तळताना उचललेल्या पापडासारखा एका कडेने वर आला होता. पलीकडे बिबडे मात्र झकास वाळले होते. बेबाबाई खाटेच्या कडेला बसून एका तव्यावर पोळपाट दाबत होती. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. ती काही सांगणार होती.

आणि रतिलाल ओरडला.

सतरा-अठरा वर्षांच्या नोकरीत जे साठलं होतं, कंडक्टरला, साहेबांना, साऱ्या दुनियेला जे ऐकवायचं राहून गेलं होतं, ते सगळं एकदम वर आलं. ते त्या गच्चीवर आलं, आणि ते ऐकायला एकटी बेबाबाई होती. गल्लीतली माणसं बाहेर आली. हा आवाज कोणाचा, हे पाहायला त्यांना वर बघावं लागलं.

"तुना हात ज्याले लागस ना," तो ओरडला, "ते बठ्ठं वाळी जास!" तुझा हात लागतो ते सगळं वाळून जातं.

वाक्य तोंडातून निघालं आणि त्याला स्वतःलाच ऐकू आलं. त्याचा एक अर्थ तव्यांपुरता होता. दुसरा अर्थ, न झालेल्या मुलाचा, गल्लीलासुद्धा कळला. रुक्माबाईने पोरींना आत ओढलं आणि दार लावून घेतलं.

बेबाबाईने पोळपाट बाजूला ठेवला. तिच्या हाताला चटके बसले होते, ते तिने पदराखाली घेतले.

"वल गई ना पन," ती म्हणाली. ओल गेली ना पण.

तिने तवे गोळा केले. वाकडे तवे पाकिटांत जाईनात, तरी पाकिटाशी पाकीट जुळवून तिने ते पत्र्याच्या मोठ्या डब्यात रचले. एकही अदलाबदल झाली नाही. लाडवांचा पुडा चार दिवस कोनाड्यात तसाच होता, मग मुंग्यांनी खाल्ला.

माफी मागण्यात रतिलालचा हात धरणारा सगळ्या कचेरीत कोणी नव्हता. शिंकेची माफी मागणारा हा माणूस! पण घरी तो रोज दारात चपला काढायचा, तोंड उघडायचा आणि म्हणायचा, "पाणी दे." एकदा त्याने 'साहेबाला उत्तर देणारा' लावून पाहिला. सुई घाटातल्या एसटीसारखी चढली, उतरली, आणि तो तिखट पोरगा असा हेलकावे खात रडायला लागला की रतिलालने घाईघाईने यंत्र बंद केलं. त्यानंतर सात वाजता घरात काहीच वाजेना. बेबाबाईचे टोमणेही बंद झाले. कशावर मारणार?

दिवाळी उलटून गेल्यावर एका संध्याकाळी त्याच्या लक्षात आलं की आपण बऱ्याच दिवसांत डुबुकवड्या खाल्ल्या नाहीत. उकळत्या झणझणीत रश्श्यात बेसनाच्या वड्या सोडून करायच्या त्या. त्याला भारी आवडायच्या.

"डुबुकवड्या करत नहीस आते?"

बेबाबाई भांडी लावत होती. "कव्हय करानी, ते कसं समजी?" ती म्हणाली. कधी करायच्या, ते कसं कळणार. "पहिले तवा वाजे. दार आपटनारा वाजना की मी बेसन भिजाडू."

रतिलाल पाटावर बसल्या बसल्या थिजला. सहा-सात वर्षं. ज्या ज्या दिवशी तो वाकून घरी आला होता आणि 'दार आपटणारा' लावला होता, त्या त्या दिवशी ताटात डुबुकवड्या होत्या, आणि त्याला तो योगायोग वाटत होता. तवे तो एकटा ऐकत नव्हता. आणि नावं तर त्याने तिला कधी सांगितलीही नव्हती. ती तिने त्याच्या पुटपुटण्यातून उचलली होती. त्याने बोलायला तोंड उघडलं.

"होय," तो म्हणाला. सवयीने.

तिने ताट उचलून नेलं.

त्र्याण्णव साली कीथचं एक पार्सल आलं, शेवटचं. गिरणी बंद झाली होती, तो दुसऱ्या गावी चालला होता. माळ्यावर एक तवा राहून गेला होता, तो त्याने पाठवला होता. त्या दिवशी साहेबांनी पुन्हा एकदा रतिलालला धरलं होतं, नवे साहेब, जुनीच चूक. सात वाजता त्याने तो तवा लावला. सपाट, सरळ तवा. पोरगं कडाडून ओरडलं. रतिलालने मात्र गाणं ऐकलंच नाही. त्याचं सगळं लक्ष स्वयंपाकघराकडे होतं. बेसनाचा डबा वाजतो का, फोडणीचा वास येतो का.

ताट आलं. भाकरी आणि मेथीची भाजी.

त्याने वर पाहिलं. बेबाबाईला त्याची नजर कळली.

"हाऊ नवा शे," ती हळूच म्हणाली, जणू तिचीच चूक. "हाऊ मी वळखत नही."

ती परत चुलीशी गेली. रतिलाल उठला, उंबऱ्यापर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला. भाकरी उलटणाऱ्या तिच्या बोटांवर जुन्या चटक्याचे दोन पांढरे डाग होते.

"बेबा," तो म्हणाला. "वल गई व्हती."

तिचा हात थबकला. दोन वर्षांपूर्वी गच्चीवर विचारलेल्याचं उत्तर होतं ते; तिला ते लगेच समजलं.

"आते काय," ती म्हणाली.

बाहेर तवा संपला होता. सुई शेवटच्या रेघेत नुसतीच फिरत होती. खर्र, खर्र. ती उचलायला दोघांपैकी कोणीच हललं नाही.