हिरव्या पट्ट्याचा मेल

मेंढपाळांच्या संस्थेची वेबसाइट मी चालवते. आष्टीच्या हपिसात एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि माझा तापट स्वभाव, एवढंच भांडवल. लसीकरणाची नोंद वेबसाइटवर करायची, मग डॉक्टरांची गाडी त्या शिवारात जायची. नोंद नाही तर गाडी नाही. आणि आमची माणसं पासवर्ड विसरण्यात एक नंबर!

त्या वर्षी माझी चुलतीच अडकली. आदल्या पावसाळ्यात रोगानं तिची निम्मी मेंढरं गेली होती. उरलेल्यांना लस मिळालीच पाहिजे होती, नोंदीला दोनच दिवस राहिले होते, आणि बाईसाहेब पासवर्ड विसरल्या. तिच्या खात्यात मी हात घालायचा नाही, हा नियम माझाच. मग फोनवर सांगून तिच्या सुनेकडून 'पासवर्ड विसरलात?' दाबून घेतलं. मेल गेला. चुलतीनं तो पुसायला लावला.

"अगं, कावून पुसला?" मी ओरडलेच.

"सुनेनं वाचून दावला की. तुमी मागितलं नसंल तर सोडून द्या, असं लिवलं हाय. मी कुठं मागितलं? सुनेनं मागितलं."

कपाळावर हात मारला. परत पाठवला, तर म्हणे, "आदरणीय वापरकर्ता म्हणतोय. वळख ना पाळख! चोर हाय त्यो." तिसऱ्यांदा ती मेंढरांमागं डोंगरावर होती. रेंजमध्ये येईस्तोवर मेलची एका तासाची मुदत संपली.

लई राग आला, पण चुलतीचा नाही. त्या मेलचा मजकूर वेबसाइटसोबत आयताच आला होता आणि मी तो कधी उघडूनही बघितला नव्हता. आता उघडला. आधी त्या आदरणीय वापरकर्त्याला हाकलला. नाव घालावं तर नाव चोरालाही कळतं. मग सुचलं, चारणीला दोन कळप मिसळले की आमच्यात मालकाचं नाव कुणी विचारत नाही, मेंढरावरची खूण बघतात. प्रत्येक कळपाची खूण नोंदणीत होतीच. ती मेलमध्ये आपोआप यावी, अशी जोडून टाकली आणि मुदतही तासावरून दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत वाढवली. चुलतीला मेल गेला तो असा:

"राम राम. पाठीवर हिरवा पट्टा, डाव्या कानाला काप, ही मेंढरं तुमचीच ना? तुम्ही किंवा घरातल्या कुणी नवा पासवर्ड मागितला आहे. खालचं बटण दाबा. उद्या संध्याकाळपर्यंत चालेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन. "आता कसं! ह्यो आपल्यातलाच कुणीतरी हाय. दाबलं बग."

स्क्रीनवर तिची नोंद पडली आणि मी भर हपिसात टाळ्या पिटल्या. संस्थेचे साहेब बघत राहिले, बघू देत. सायंकाळपर्यंत अडकलेले बाकीचेही एकेक करून आत आले.

पुढच्या पावसाळ्यात रोग परत आला. तो ओसरल्यावर चुलतीनं फोन केला. 

"मोजली गं आज समदी," ती म्हणाली. "येकबी गेलं न्हाई."